शेवटची ओळ आधी

प्रिय,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते. "दादा परवा म्हणाला, जगून तरी काय करायचंय." बाकी सगळं नंतर.

आज त्याच्याजवळ बस आणि सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. कुणीतरी विचारलं म्हणून बहुतेकांना मोकळंच वाटतं. हो म्हणाला, तर काही ठरवलंय का तेही विचार. ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. जिवाला धोका होईल असं काही त्याच्या हाताशी ठेवू नकोस आणि तडक इस्पितळात ने. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नकोस.

नाही म्हणाला, तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे. उदासी 2 आठवडे रोज टिकली तरी दाखवावं. इथे तर दीड महिना झालाय. "मी काय वेडा आहे का?" असं तो म्हणेल. वाद घालू नकोस. "झोप लागत नाही, एवढंच दाखवू" म्हणून नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात कर. थायरॉईड मंदावला तरी माणूस असा गळून जातो, ते तपासतील, गरज पडली तर पुढे पाठवतील. आजाराचं नाव तू शोधत बसू नकोस. झोप, जेवण, अंघोळ, कामावर जाणं यात काय बदललं ते तारखेनिशी लिहून ने. दवाखान्यात त्याला स्वतःला काही सुचणार नाही.

"तुला काय कमी आहे?" हे माझ्या बहिणीला मी विचारलं होतं. प्रेमानेच. त्यानंतर तिने मला काही सांगणंच सोडलं, ते वर्षभर. म्हणून कळकळीने सांगते, त्याला समजावू नकोस. नुसतं शेजारी बस. तो गप्प राहिला तर तूही गप्प राहा. "जेवायला ये" म्हणून हाक मारण्यापेक्षा ताट घेऊन त्याच्या खोलीत जा.

औषधं सुरू झाली तर गुण दिसायला बहुधा 2 ते 4 आठवडे, कधी जास्तही लागतात; मळमळ किंवा अस्वस्थपणा मात्र आधीच जाणवतो. याच काळात लोक कंटाळून गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही त्या मनाने बंद करायच्या नसतात.

आईला सांगितलंयस का? एकट्याने जागून तू किती रात्री काढणार?

दादा काय म्हणाला ते आज रात्रीच फोन करून सांग. कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
मावशी