सोल्डरिंग आयर्नची टिप काळी पडते, सोल्डर धरत नाही. पॉलिश पेपरने घासली तर चालेल का? टिप किती दिवस टिकायला हवी आणि स्टेशन कोणतं घ्यावं?

पॉलिश पेपर आधी खाली ठेवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की स्टेशन (आयर्नचं तापमान ठरवणारं यंत्र) घेऊन तीन आठवडे झाले, टिप काळी पडली, सोल्डरची (जोडाला वितळवून लावायच्या धातूची) गोळी होऊन खाली घरंगळते, टेंपरेचर ४५० वर नेलं तरी फरक नाही, आणि कुठल्याशा व्हिडिओत एकाने पेपरने घासून टिप आरशासारखी लखलखीत करून दाखवली. दाखवली असेल. पुढच्या आठवड्यात त्या टिपचं काय झालं ते काही त्याने दाखवलं नसणार.

इतक्या तावातावाने लिहितेय, कारण असाच एक पॉलिश पेपर मी स्वतः साताऱ्याहून भोसरीला नेला होता.

आयटीआय करताना दुपारनंतर मी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायचे. अण्णांचं दुकान. पिक्चर ट्यूबच्या टीव्हींचे दिवस. निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन यायची, ‘चित्र जातं, वरून थापड मारली की येतं.’ अण्णा मागचं झाकण काढून थेट एलओटीच्या (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या) पायांकडे बघायचे. तिथे पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेलेली असायची. ड्राय सोल्डर. २५ वॉटच्या आयर्नने त्यावर ताजं शिसं मारलं की टीव्ही थापडेशिवाय चालू. (शिसं आम्ही नुसतं म्हणायचो. ६०/४० च्या वायरमध्ये शिसं ४० टक्केच, बाकी ६० टक्के कथील. पण ‘कथील मारलं’ असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.)

अण्णांचा दिवस कानशीने सुरू व्हायचा. गार बिट (आयर्नचं टोक, म्हणजे टिपच) दोन्ही बाजूंनी घासायची, लालभडक तांबं दिसलं पाहिजे, मग प्लग लावायचा, तापताना पेस्टच्या (फ्लक्सच्या, म्हणजे गंज काढून सोल्डर धरायला मदत करणाऱ्या रसायनाच्या) डबीत टेकवायची आणि शिसं फिरवायचं. दुपारपर्यंत टोकाला खड्डा पडला की पॉलिश पेपर. रात्री शटर ओढायच्या आधी मात्र बिटला शिशाचा भलामोठा थेंब लावून ठेवायचा. मी फडक्याने पुसायला गेले की ओरडायचे, ‘पोरी, उघडी ठेवू नको तिला!’ अण्णांचं सगळं शिकवणं घेऊन मी पुण्याला गेले. त्यातली कानस लक्षात ठेवली आणि थेंब विसरले.

भोसरीच्या कंपनीत लागले ते २००६ साल. त्या वर्षी १ जुलैपासून युरोपात इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिसं वापरायला बंदी आली होती आणि आमचे बोर्ड तिकडे जायचे, म्हणून अख्खी लाइन नुकतीच लेड-फ्रीवर (शिसं नसलेल्या सोल्डरवर) गेली होती. मला रिवर्कच्या (बिघडलेले जोड दुरुस्त करण्याच्या) टेबलावर बसवलं. समोर आकडा दाखवणारं स्टेशन. तोवर मी आयर्न तापलं की नाही ते पेस्टच्या धुरावरून ओळखायची. तिसऱ्या दिवशी टिप काळी. मी डब्याच्या पिशवीतून पेपर काढला, आजूबाजूला कुणी नाही बघून टिप घासली, तांबं दिसेपर्यंत. आणि खरं सांगते, त्या दिवशी ती टिप अशी चालली की काही विचारू नका. सोल्डर लोण्यासारखं पसरत होतं. लोक घासायला चटावतात ते या एका दिवसामुळे.

दुसऱ्या दिवशी टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. चौथ्या दिवशी किडलेल्या दाढेसारखं भोक.

लाइनच्या मॅडमनी ती टिप घेतली, मला म्हणाल्या, ‘चल.’ टूलरूममध्ये व्हाइसमध्ये पकडून हॅकसॉने उभी चिरली आणि अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली. नारळ फोडल्यावर करवंटी दिसते तशी बाहेरून एक करडी कड, मिलिमीटरभरसुद्धा जाड नाही. आत खोबऱ्याच्या जागी सगळं तांबं. ती करडी कड म्हणजे लोखंडाचा मुलामा. टोकाला जिथे मी घासलं होतं तिथे कड संपलेली, आणि तिथून आत तांबं पोखरत गेलेलं. कडा शाबूत, आत पोकळ. ‘हे तू केलंस,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि उरलेलं कथलानं केलं.’ टिपचे पैसे पगारातून कापले. किती कापले ते आठवत नाही, राग आठवतो.

वितळलेल्या कथलात तांबं चहातल्या साखरेसारखं विरघळतं. हळू, पण विरघळतंच. अण्णांच्या बिटला रोज खड्डा पडायचा तो त्यामुळेच. झीज म्हणायचो ती प्रत्यक्षात बोर्डावरच्या सोल्डरमध्ये गेलेली बिट होती. म्हणूनच पूर्वी सॅव्हबिट नावाची सोल्डर वायर मिळायची, तिच्यात आधीच थोडं तांबं घातलेलं असायचं, म्हणजे कथलाची भूक बिटवर निघू नये. लोखंड कथलाला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून आताच्या टिपांवर लोखंड चढवतात. तो थर आहे तोवर टिप आहे. लेड-फ्रीमध्ये कथील ९६ टक्क्यांच्या वर, आणि ती वितळते २१७ अंशांना, आपली ६०/४० वितळायला १८३ ला सुरुवात करते. म्हणजे भूकही जास्त आणि जाळही जास्त. तुम्ही कोणती वायर वापरता ते लिहिलेलं नाही. घरी बसून जुने रेडिओ-ॲम्प्लिफायर करत असाल तर ६०/४० किंवा ६३/३७ वापरा, लेड-फ्रीच्या वाटेला जाऊ नका. फक्त हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

आता खरी गोष्ट. नवी टिप मिळाल्यावर मी पेपर फेकून दिला, अगदी शहाण्यासारखी वागले, आणि ती टिपही आठ दिवसांत काळी ठिक्कर. मी दुसऱ्या शिफ्टच्या मुलीवर ठपका ठेवला. भांडलेसुद्धा. मग एकदा सुटीच्या वेळी मॅडम माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मी काय करत होते? टिप स्पंजवर पुसली, पितळी तारेच्या गोळ्यात खुपसली, चकचकीत करून स्टँडमध्ये ठेवली आणि स्विच बंद केला. भांडं घासून पालथं घालावं तसं. आईने लावलेली सवय.

मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्याकडे कल्हईवाला यायचा का?’ यायचा की! आमच्या आळीत खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात फिरवायचा. काळं पातेलं आतून चांदीसारखं. ‘टिपला तू रोज संध्याकाळी ती कल्हई पुसून ठेवतेस,’ मॅडम म्हणाल्या, ‘कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं?’ कळकतं. ‘मग?’

तापलेलं उघडं लोखंड हवेत गंजतं, ३५० अंशांना तर फारच भराभर. तो काळा थर म्हणजे गंज आणि जळका फ्लक्स. त्यावर सोल्डर चढत नाही, उष्णता उतरत नाही, म्हणून तुम्ही आकडा वाढवता, म्हणून गंज आणखी वाढतो, म्हणून पुन्हा आकडा. तुमचे ४५० असेच झालेत. पुसायचं ते काम करण्याच्या आधी. काम झाल्यावर पुसायचं नाही, वरून ताजं सोल्डर लावून तसंच गबाळं ठेवायचं. स्टँडमध्ये दोन मिनिटं ठेवतानाही, आणि बंद करताना तर चांगला थेंब. उद्या चालू केलं की तो पुसायचा आणि कामाला लागायचं.

तुमची आत्ताची टिप बहुतेक वाचेल. टेंपरेचर २५० च्या आसपास उतरवा. फ्लक्सवाली जाडसर वायर घेऊन टोकावर भरपूर वितळवा, गोळ्या पडल्या तर पडू देत. पितळी तारेच्या गोळ्यात दोन-तीनदा खुपसा, पुन्हा वायर, पुन्हा गोळा. दहा-पंधरा वेळा करावं लागतं, कंटाळू नका. कडेने एखादा चंदेरी ठिपका धरला की तो पसरत जातो. नाहीच धरलं तर टिप टिनरची छोटी डबी मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्यात टिप टेकवा, फिरवा, पुसा आणि लगेच ताजं सोल्डर चढवा. ते औषध आहे, रोजचा चहा नाही. त्यातलं रसायन टिपला खातंसुद्धा.

तारेचा गोळा पितळीच हवा. स्वयंपाकघरातली स्टीलची घासणी नको, ती पॉलिश पेपरची सख्खी बहीण. स्पंज वापरत असाल तर स्टेशनबरोबर येतो तो, पाण्यात फुगणारा. भांडी घासायचा लावलात तर वितळून टिपला चिकटेल. भिजवून घट्ट पिळायचा. थबथबलेला असला की टिप चर्रकन गार होते आणि सारखा असा झटका बसून मुलाम्याला चिरा जातात. पाणी बोअरचं नको, क्षार बसतात. आणि पत्र्याचे डबे, नळ जोडायला वापरतात ते ॲसिडचं फ्लक्स बोर्डाजवळ आणू नका. टिप तर जाईलच, पण महिन्याभराने बोर्डही हिरवा होऊन जाईल. ६०/४० ला ३२० ते ३५० पुष्कळ झालं. तेवढ्यात जाड जोड वितळत नसेल तर आकडा वाढवू नका, टिप बदला. सुईसारखं टोक खोक्यातून आलं असेल तर ते बाजूला ठेवून छिन्नीच्या आकाराची घ्या.

अण्णांचं राहिलंच. त्या वर्षी गणपतीच्या सुटीत मी चिरलेली टिप सुपारीच्या डबीत घालून साताऱ्याला नेली. अण्णांसमोर ठेवली. त्यांनी भिंग लावून पाच मिनिटं बघितली आणि म्हणाले, ‘ही टिप नाही, खेळणं आहे. घासायची सोय नाही ती कसली हत्यारं?’ मी म्हटलं घासायची गरजच पडत नाही. ते म्हणाले, मग ही मेली कशी? आता यावर मी काय बोलणार? एवढ्यावरच न थांबता दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती फोड दाखवायचे. ‘आमची पोरगी पुण्याला काय शिकली बघा.’ त्यानंतर कितीतरी वर्षं फोन झाला की शेवट याच वादावर. मी म्हणायची कानस हे हत्यार सुताराचं आणि लोहाराचं. ते म्हणायचे तुझ्या कंपनीला टिपा विकायच्यात. एलईडी टीव्ही आले तेव्हा मी त्यांना एक स्टेशन घेऊन दिलं. महिन्याने फोन, ‘टिप गेली.’ घासली का? ‘नाही.’ दिवाळीत गेले तर टेबलावर लाल चुरा पसरलेला. लोखंडाचा चुरा लाल नसतो, अण्णा.

आता एवढं सगळं लिहून झाल्यावर हेही सांगितलं पाहिजे की तुमच्याकडे अण्णांसारखी साधी तांब्याची बिट असेल, तर यातलं घासण्याबद्दलचं सगळं विसरा आणि खुशाल कानस मारा, तिला तीच लागते. ओळखायचं कसं? टिप पूर्ण गार असताना लोहचुंबक लावा. लोखंडाचा थर असेल तर ओढ जाणवते, नुसतं तांबं ढिम्म राहतं. तेव्हा अण्णा त्यांच्या बिटबद्दल बरोबर होते. शिशाच्या थेंबाबद्दलही तेच बरोबर होते, आणि तो मी पाळला असता तर भोसरीतली दुसरी टिप गेली नसती. पण त्यांच्यासमोर मी हे अजून कबूल केलेलं नाही. ते इथे येत नाहीत म्हणून लिहिते.

किती दिवस टिकते? माझ्या टेबलावरची आत्ताची टिप गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून आहे, रोज वापरून. स्टेशन कोणतं घ्यावं ते तुमचं काम कळल्याशिवाय सांगता येणार नाही. काय दुरुस्त करता आणि वायरच्या रिळावर काय छापलंय ते खाली लिहा. आणि चुंबक लावून काय झालं तेही.