टेक्स्ट मेसेजमुळे लोकांमधला संपर्क कमी झाला आहे का?

नाही, संपर्क कमी झालेला नाही. तो तुटक पण अधिक वारंवार झाला आहे आणि उत्तर केव्हा द्यायचे हे ठरवण्याची मुभा आता मेसेज मिळालेल्या माणसाकडे आली आहे. याचे कारण या माध्यमाच्या रचनेत आहे. १९९२ साली सुरू झालेल्या एसएमएसमध्ये एका संदेशाला १४० बाइट जागा असते. तेवढ्यात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची मात्र अवघी ७० चिन्हे, आणि त्यांत काना-मात्राही मोजल्या जातात. त्यामुळे थोडक्यात लिहिण्याची सवय लागली. शिवाय फोनवर बोलायला दोघांनाही एकाच वेळी सवड लागते; मेसेज समोरचा फोन बंद असला तरी मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाल्यावर पोहोचतो. म्हणूनच ‘पोहोचलो’, ‘औषध घेतलंस का?’ अशा, एरवी फोन करण्याजोग्या न वाटणाऱ्या गोष्टीही आता कळवल्या जातात, आणि माझ्या मते ही नात्यात पडलेली खरी भर आहे. मात्र लिहिलेल्या ओळीत आवाजातला चढउतार येत नसल्याने सांत्वन करणे किंवा गैरसमज दूर करणे यांसाठी मेसेज अपुरा पडतो. अशा वेळी फोनच करावा.