वाचकांचे प्रश्न : बदलत्या व्यवसायात स्वतःला घडवताना

स्वतःचा व्यवसाय एकट्याच्या बळावर चालवणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांतली चार या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या प्रश्नांच्या मुळाशी अडचण एकच आहे. नोकरी करणाऱ्याचे काम बदलते तेव्हा त्याला नवी जबाबदारी कोणीतरी समजावून सांगते, प्रशिक्षण देते, निदान सावध तरी करते; स्वतंत्र व्यावसायिकाला मात्र बदल झाला आहे हेसुद्धा स्वतःच ओळखावे लागते, आणि तेही हातातले काम वेळेवर पूर्ण करत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. माझ्या नोंदी बिनचूक असतात, अशी माझी ख्याती आहे. आता ग्राहक म्हणतात की, बँकेतले व्यवहार संगणकप्रणाली आपोआप उचलते, तेव्हा काम कमी करा आणि मोबदलाही कमी घ्या. दोन जुने ग्राहक सोडून गेले. नवी प्रणाली शिकायला माझी ना नाही, पण इतकी वर्षे जे कमावले ते आता कोणालाच नको आहे, असे वाटून उमेद खचते. या वयात नव्याने उभे राहता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक मिळकतीचा आहे आणि दुसरा तुमच्या स्वतःबद्दलच्या भावनेचा. दुसऱ्याकडे आधी पाहणे मला आवश्यक वाटते, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्यावर शांतपणे विचार होणार नाही. जो माणूस वर्षानुवर्षे स्वतःच्या नावावर काम करतो, त्याच्यात आणि त्याच्या कामात फारसे अंतर उरत नाही. त्यामुळे ग्राहकाने ‘नोंदींचे काम कमी करा’ असे म्हटले की ‘आता तुमची गरज कमी झाली’ असे आपल्याला ऐकू येते. ग्राहक काम करण्याच्या एका रीतीबद्दल बोललेला असतो आणि आपण ते संपूर्ण स्वतःवर ओढवून घेतो. ही वेदना खरी आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. पण तिच्या भरात घेतलेले निर्णय, मग ते हटून बसण्याचे असोत की सगळे सोडून देण्याचे, बहुधा चुकीचे ठरतात.

तुमच्याच क्षेत्रात असा एक मोठा बदल पूर्वी होऊन गेला आहे. 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेली व्हिसिकॅल्क ही प्रणाली बाजारात आली. त्याआधी आर्थिक अंदाजपत्रक रकाने आखलेल्या मोठ्या कागदावर हाताने मांडले जाई आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक आकडा खोडून पुन्हा काढावा लागे. व्हिसिकॅल्कने ही फेरगणना क्षणात करून दाखवली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत नोंदी आणि बेरजा करणाऱ्या कारकुनांची गरज घटत गेली, परंतु लेखापाल आणि आर्थिक विश्लेषक यांचे काम वाढले. दर वाढवला तर काय होईल, उधारीची मुदत कमी केली तर हातात किती रोकड राहील, हे प्रश्न पूर्वी विचारणेच परवडत नसे, कारण प्रत्येक उत्तरासाठी कित्येक तासांची आकडेमोड लागे. उत्तर स्वस्त झाले तसे प्रश्न वाढले. ज्यांचे जुने काम गेले त्या सर्वांनाच नवे काम मिळाले, असा याचा अर्थ मात्र मुळीच नाही. आकडे मांडण्याबरोबरच ते आकडे काय सांगतात याचा विचार ज्यांनी केलेला होता, त्यांना नव्या कामाकडे वळणे तुलनेने सोपे गेले, एवढेच म्हणता येईल.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, उरलेल्या प्रत्येक ग्राहकाने गेल्या वर्षभरात तुम्हाला स्वतःहून काय काय विचारले ते आठवून लिहून काढा. अमुक नोंद कोणत्या खात्यात केली, असे त्यांतले फारच थोडे प्रश्न असतील. नफा दिसतो आहे तर पैसा कुठे गेला, या माणसाला आणखी उधारी द्यावी का, नवा मदतनीस ठेवणे झेपेल का, असेच प्रश्न बहुतेकांनी विचारलेले असतील. त्यांची उत्तरे तुम्ही बोलता बोलता, मोबदला न घेता दिलेली असतील, आणि म्हणूनच ते तुमचे काम आहे हे तुमच्याही लक्षात आलेले नसेल. कोणत्या ग्राहकाचे पैसे नेहमी उशिरा येतात, त्याचा मंदीचा काळ कोणता, तो कोणत्या खर्चाबाबत स्वतःची समजूत घालून घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बँकेतले व्यवहार उचलणाऱ्या प्रणालीला व्यवहार दिसतो, पण त्यामागचा माणूस आणि त्याच्या सवयी तुम्ही वर्षानुवर्षे पाहिलेल्या आहेत.

यानंतर एकच ग्राहक निवडा आणि तीन महिने त्याला हिशेबासोबत एका पानाचे टिपण द्या. कोणती येणी रखडली आहेत, पुढच्या दोन महिन्यांत रोकड कुठे कमी पडेल आणि या महिन्यात कोणता एक निर्णय घ्यायला हवा, एवढेच त्यात असावे. तिसऱ्या महिन्यानंतर, या टिपणासाठी तो वेगळा मोबदला देईल का, असे त्याला सरळ विचारा. नकार आला तर टिपणात काय बदल हवा ते विचारा आणि दुसऱ्या ग्राहकाकडे तेच करून पाहा. जे दोघे सोडून गेले त्यांनाही अवश्य भेटा, पण त्यांना परत बोलावण्याचा प्रयत्न या भेटीत करू नका. नव्या व्यवस्थेत त्यांना काय मिळाले आणि काय हरवल्यासारखे वाटते, एवढेच ऐकून घ्या.

वयाबद्दल तुम्ही लिहिले आहे, पण मला अडथळा दिसतो तो वयाचा नसून यशस्वी ठरलेल्या सवयीचा आहे. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने 1942 साली पाण्याच्या भांड्यांची कोडी घेऊन केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीची कोडी एका लांबलचक रीतीने सुटत असत. पुढची कोडी अगदी सोप्या रीतीनेही सुटण्यासारखी होती, तरी ज्यांना लांबची रीत अंगवळणी पडली होती त्यांतले बहुतेक जण तीच वापरत राहिले. आधीची रीत न शिकलेल्यांना मात्र सोपी वाट चटकन दिसली. अनुभवी माणसाने यावरून एक सवय लावून घ्यावी, असे मला वाटते. महिन्यातून एकदा आपले एक नेहमीचे काम समोर घ्यावे आणि ते आज पहिल्यांदाच करायला मिळाले असते तर याच रीतीने केले असते का, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ आले की शिकायला कुठून सुरुवात करायची तेही कळते.

प्रश्न : मी एकटीच कपडे शिवण्याचा व्यवसाय करते. संगणकावर नमुने आखण्याचे तंत्र शिकायची इच्छा आहे, पण शिकायला बसले की तेवढ्या वेळाची कमाई बुडते आणि न शिकल्याची टोचणीही लागून राहते. काही दिवस उत्साहाने केले, मग मोठे काम आले आणि सारे सुटले. माझ्यातच चिकाटी कमी आहे का?

उत्तर : चिकाटीवर दोष ढकलण्याआधी व्यवस्था तपासून पाहावी, असे माझे मत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला आणि तो 2009 साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती सहजपणे होऊ लागण्यासाठी सरासरी 66 दिवस लागतात, असे त्यात आढळले. परंतु सरासरीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, माणसामाणसांत हा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत वेगवेगळा होता. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे मोठे काम आले म्हणून शिकणे थांबले, यात बिघडले फारसे काही नव्हते. थांबल्यावर ‘आता सगळेच मोडले’ असे तुम्ही मानले, तिथे खरे नुकसान झाले.

वेळ ठरवताना ‘जमेल तेव्हा’ हे शब्द सोडून द्यावेत. ‘सकाळी यंत्रासमोर बसण्याआधी अर्धा तास आखणी’ असा प्रसंगाला बांधलेला निश्चय पाळला जाण्याची शक्यता अधिक असते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. शिवाय एका दिवसात पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास दहा दिवसांत विभागणे चांगले. विभागलेली उजळणी अधिक टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिले होते. शिकण्याचा विषयही हातातल्या कामातून घ्यावा. उद्या शिवायच्या एका साध्या कपड्याचा नमुना संगणकावर आखून पाहिला, तर त्याची खातरजमा कापडावरच होते आणि चूक कुठे झाली ते लगेच कळते.

कमाई बुडण्याविषयी थोडे स्पष्टपणे लिहितो. तुमच्या शिलाईच्या दरात फक्त सुई चालते तेवढ्याच वेळाचा मोबदला धरलेला असेल, तर तो दर अपुरा आहे. ग्राहकांशी बोलणे, सामान आणणे, यंत्राची देखभाल आणि नवे शिकणे हा सारा व्यवसायाचाच वेळ आहे आणि तो दरातून भरून निघाला पाहिजे. दर ठरवताना बहुतेक स्वतंत्र व्यावसायिक हा वेळ विसरतात आणि पुढे शिकण्याची चैन परवडत नाही म्हणतात. नव्या ग्राहकांपासून सुधारित दर सुरू करावा. जुन्या ग्राहकांना आधी सूचना देऊन नंतर.

प्रश्न : मी लाकडी फर्निचर बनवतो. घरचे आणि मित्र म्हणतात की, संगणकावर चालणारे कापणी यंत्र कर्ज काढून घे, नाहीतर मागे पडशील. मला धास्ती वाटते. ही धास्ती म्हणजे बदलाला विरोध आहे का?

उत्तर : धास्ती प्रत्येक वेळी दुबळेपणाची खूण नसते. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते, हे डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979 च्या त्यांच्या सिद्धान्तात मांडले. म्हणून आपली भीती थोडी फुगलेली असते, हे ध्यानात ठेवावे. मात्र ‘मागे पडशील’ हा सल्लाही दुसऱ्या प्रकारच्या भीतीतूनच आलेला असतो आणि त्यावर कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून 2001 साली एक मांडणी केली. मिळकत किती होईल याचे मोठे अंदाज बांधत बसण्यापेक्षा, हे फसले तर किती नुकसान आपण सहज सोसू शकतो, ते आधी ठरवून तेवढ्यातच पाऊल टाकण्याकडे या उद्योजकांचा कल असतो. तुमच्या बाबतीत तसे पाऊल उपलब्ध आहे. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांच्याकडून पुढच्या काही कामांची कापणी मजुरी देऊन करून घ्या. वाचलेले तास, वाया गेलेले लाकूड आणि ग्राहकाची पसंती यांची नोंद ठेवा. किती कामांनंतर निर्णय घ्यायचा आणि कोणत्या आकड्याला थांबायचे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा, कारण पैसा आणि श्रम गुंतल्यावर थांबणे अवघड होते. तुमचे ग्राहक हातच्या जोडकामासाठीच येतात असे या नोंदींतून दिसले, तर यंत्र न घेणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल आणि तो कोणालाही ठामपणे सांगता येईल.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनचे काम करते. माझ्या कामाबद्दल खरे सांगणारे मला कोणी नाही. ग्राहक नाराज झाला तर न बोलता निघून जातो आणि घरची माणसे प्रेमापोटी कौतुकच करतात. स्वतःत सुधारणा करायची तर आरसा कुठे शोधावा?

उत्तर : चारही पत्रांत मला तुमचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. बदल ओळखायला उशीर होतो तो बहुतेकदा या एकटेपणामुळेच. 1727 साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन या तरुण मुद्रकाने आपल्यासारख्याच कारागिरांना आणि व्यावसायिकांना जमवून जुंटो नावाचे मंडळ सुरू केले. ते दर शुक्रवारी संध्याकाळी भेटत. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत असेही प्रश्न होते की, अलीकडे कोणाचा व्यवसाय बुडाल्याचे ऐकले आणि त्याचे कारण काय कळले. कोणाची भरभराट झाली आणि ती कोणत्या मार्गाने. हे मंडळ काही दशके टिकले. त्यामागे सदस्यांच्या स्नेहाइतकाच ठरलेल्या वाराचा आणि ठरलेल्या प्रश्नांचा वाटा असावा, असे मला वाटते.

असे चार-पाच जणांचे मंडळ तुम्हीही जमवू शकता. सदस्य वेगवेगळ्या व्यवसायांतले असावेत, म्हणजे स्पर्धेचा संकोच राहणार नाही आणि तुमच्या क्षेत्रात गृहीत धरलेल्या गोष्टींवर बाहेरचा माणूस सहज प्रश्न विचारील. भेटीचा दिवस महिन्यातून एक आणि कायमचा ठरलेला असावा. प्रत्येक वेळी एकाच सदस्याचा व्यवसाय चर्चेला घ्यावा आणि त्याने खरे आकडे आणावेत. इतरांनी आधी फक्त प्रश्न विचारावेत व सल्ला शेवटी द्यावा, कारण लवकर दिलेला सल्ला समोरच्याला बचाव करायला लावतो. मागच्या भेटीत जे करीन म्हटले होते त्याचे काय झाले, हे प्रत्येकाने सुरुवातीलाच सांगावे. तुमच्या पाळीच्या वेळी आणायला विषय शोधत बसू नका. न बोलता निघून गेलेल्या शेवटच्या ग्राहकाचे काम, त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि तुमचे देयक तसेच्या तसे सर्वांसमोर ठेवा आणि यातल्या कोणत्या टप्प्यावर तुम्ही ग्राहक असता तर मागे फिरला असता, असे प्रत्येकाला विचारा.