पीचच्या फांदीची गोल साल काढली तर फळ खरंच मोठं होतं का?

होतं. एवढ्यावर थांबले असते, पण तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेला तुमच्या परसात एक पीच आणि एक नेक्टरीन (बिनलवीचा पीचच), शेजारी म्हणतो फांद्यांना गर्डलिंग कर, म्हणजे हीच गोल साल काढ, आणि गावाकडचे काका फोनवर सांगतात, "नको रे बाबा, त्यानं झाडं मरतात, आमच्याकडे बागा गेल्यात." असले काका आमच्याही घरात आहेत. माझे दीर लागतात.

मी निफाड तालुक्यातली. पीच मी कधी लावलेला नाही, आमची द्राक्षं. पण साल ती साल. ती गोल काढली की पानांनी केलेली साखर खाली मुळांकडे जात नाही, वरच फळाला मिळते. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढत राहतं. मुद्दा हा "आतल्या लाकडाचा" आहे, आणि आमच्या घरातलं भांडणही त्याचंच.

सासरे होते तेव्हा गर्डलिंगला ठेकेदाराची टोळी यायची. पैसे झाडामागे. मग काय, चाकू दाबायचा, गर्रकन फिरवायचा, पुढचं झाड. एका वर्षी खालच्या प्लॉटला अशी टोळी लागली आणि थोड्याच दिवसांत भर दुपारी पानं माना टाकायला लागली. घड सुकले, एप्रिल छाटणीनंतर कित्येक झाडं फुटलीच नाहीत. भाऊजींनी निकाल देऊन टाकला, गर्डलिंगनं बाग खाल्ली, आता बंद. मी त्यांना खोडापाशी नेलं आणि खाचेत नख घालून दाखवलं. चाकू साल ओलांडून पार लाकडात उतरलेला. म्हणजे मुळांचं अन्न तोडलंच, वर जाणारं पाणीही तोडलं. त्यावर उत्तर काय, तर "वहिनी, बायकांनी विरळणी बघावी." म्हणजे जादा मणी काढून घड मोकळा करायचं काम.

बरं, विरळणीच घ्या. गच्च घडातून शेजारच्या मण्याला धक्का न लावता नको तो मणी कात्रीनं काढणाऱ्या त्याच बायका असतात ना? पेठ-सुरगाण्याकडून आमच्याकडे कामाला येतात. पुढच्या हंगामात सासऱ्यांकडून वरचा प्लॉट मागून घेतला आणि त्यांच्यातल्याच दोघींना चाकू दिला. पैसे रोजावर, झाडामागे नाही. एक ओळ गर्डलिंगची, एक तशीच सोडलेली.

काम असं चाललं. द्राक्षाच्या खोडावर जुनी साल चिंध्यांसारखी लोंबते, ती आधी हातानं खरडून टाकायची, नाहीतर चाकू कुठवर गेला ते कळतच नाही. मग दोन पात्यांचा चाकू हलक्या हातानं गोल फिरवायचा. मधली पट्टी जेमतेम ३-४ मिमीची, ती ओली सालपट सुटून येते आणि खाली पांढरट, बुळबुळीत लाकूड दिसतं. त्या लाकडावर पात्याची रेघ उठता कामा नये. आणि पूर्ण गोलात सालीचा एक धागासुद्धा राहू द्यायचा नाही, राहिला तर साखर तिथून खाली जाते आणि सगळी मेहनत फुकट. मणी ४-५ मिमीचे असताना हे केलं.

व्यापाऱ्याचा माणूस माल बघायला आला तेव्हा गर्डलिंगच्या ओळीत मणी मोजायची १८ मिमीची रिंग मण्यावर अडत होती, शेजारच्या ओळीत सरळ खाली घसरत होती. भाऊजी म्हणाले, ती जीएची कमाल, म्हणजे मणी फुगवायला घड ज्यात बुडवतात त्या जिबरेलिक ॲसिडची. अहो, दोन्ही ओळींचे घड एकाच बादलीत बुडवले होते! खत एक, पाणी एक. आजही लग्नाकार्यात विषय निघाला की ते जीएवरच येतात.

तर तुमचा पीच. तुमच्याच राज्यात, फ्रेझ्नोच्या पट्ट्यात, लवकर येणाऱ्या पीच-नेक्टरीनला हे करतात. फळ मोठं होतं आणि थोडं आधी पिकतं. द्राक्षात ही दोन वेगळी कामं आहेत: फुगवणीसाठी मणी लहान असताना, रंग-साखरेसाठी मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडायला लागताना. पीचला वेळ कोय कडक व्हायच्या आधीची. एक फळ मधोमध कापून बघा, सुरी कोयीतून सहज गेली पाहिजे. कटकन अडली तर या वर्षापुरता विषय सोडा. खोडाला हात लावू नका, जाड फांद्यांवर करा आणि एखादी फांदी तशीच राहू द्या, तेवढंच मुळांच्या पोटाला.

आता काकांच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. जखम भरेपर्यंत मुळं उपाशी असतात, म्हणून लहान, आजारी किंवा पाण्याचा ताण बसलेल्या झाडाला अजिबात नको. त्या दिवसांत पाणी चुकवायचं नाही. फळांचा भार जास्त ठेवून गर्डलिंग केलं तर फायदा वाटला जातो. द्राक्षात तर उलट साखर उशिरा भरते. पीचमध्ये आणखी एक अडचण आहे, कोय आतून दुभंगण्याचं प्रमाण वाढतं. अशा फळाला देठाशी भेग पडते, तिथून किडे आणि बुरशी आत शिरते. शिवाय कोयीच्या झाडांना जखम झाली की डिंक सुटतो, तो बघून घाबरू नका, पण सारखा वाहत राहिला तर त्या फांदीला पुन्हा चाकू लावू नका.

खरं विचाराल तर परसातल्या दोन झाडांना आधी विरळणी करा. फळ सुपारीएवढं असताना दोन फळांत १५-२० सेंमी अंतर ठेवून बाकीची निर्दयपणे तोडा. निम्मं काम तिथेच होतं, आणि फुकटात. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर एकाच फांदीवर करा, शेजारची तेवढ्याच जाडीची सोडून द्या आणि दोन्हींवरची फळं वेगवेगळी तोडून वजनकाट्यावर ठेवा. फोटो काकांना पाठवा. ते खताचं नाव घेतील, तेव्हा दोन्ही फांद्या एकाच झाडाच्या आहेत हे त्याच फोटोखाली लिहायला विसरू नका.