शंभर वर्षांची कक्षा काढायला बसलास, तर आधी हे

पहिल्याच दिवशी उपग्रहाच्या कक्षेचं शंभर वर्षांचं गणित लावून, चंद्र न घालता, आलेख काढलास, हे आवडलं. पण त्या आलेखावर लगेच विश्वास ठेवू नकोस.

हवेचं घर्षण विसर. 20,200 किमीवरच्या जीपीएस उपग्रहांना हवा लागतच नाही. तिथले खरे कारभारी चंद्र आणि सूर्य. त्यांची ओढ बारीक, पण काही कक्षांमध्ये ती वर्षानुवर्षं एकाच बाजूनं साचत जाते आणि जवळजवळ गोल कक्षा लांबट होते. नवखे नेमका चंद्रच वगळतात. मीही वगळला होता, आणि महिनाभर ‘कक्षा पक्की आहे’ म्हणून परभणीभर सांगत फिरलो!

सुरुवातीला एवढंच कर:

- आधी 35,786 किमीवरचा भूस्थिर उपग्रह (पृथ्वीबरोबरच फिरणारा, म्हणून आकाशात एकाच जागी दिसणारा) घे. इंजिनानं सावरणं थांबवून सोडून दिला तर त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल साधारण 53 वर्षांत 15 अंशांपर्यंत जाऊन परत येतो. तुझ्या प्रोग्रॅमनं हे दाखवलं नाही तर पुढं जाऊ नकोस. (भारताकडच्या रेखांशांवरचा असेल तर तो 75 अंश पूर्वेभोवती झोके घेतो, म्हणजे आपल्या पैठणच्या जवळपास सरळ दक्षिणेला, विषुववृत्तावर.)
- मग जीपीएसची उंची. सुरुवात केसभर बदलून वीस वेळा चालव. उपग्रहाची जागा नको, कक्षेचा लांबटपणा बघ. उत्तरं फाकली तर गणिताची पायरी अर्धी कर. तरी फाकतच राहिली तर केऑसचा (सुरुवातीच्या केसभर फरकानं पुढचं सगळं बदलण्याचा) संशय घ्यायला हरकत नाही.
- टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी) आणि एसजीपी4 (त्यांवरून जागा काढणारं तयार गणित) काही दिवसांच्या अंदाजापुरतं. शंभर वर्षांना नाही.

रेझोनन्सची, म्हणजे लयी जुळून ओढ साचत जाण्याच्या प्रकारांची, नावं नंतर. आधी चंद्र घालून परत चालव आणि आलेख दाखव.