वाचकांचे प्रश्न : पॅलेस्टाईनच्या बाजूने उभं राहताना

प्रश्न : मी लंडनमध्ये एम.ए. करते. गाझातल्या युद्धाविरुद्धच्या मोर्च्यासाठी आमचा गट फलक रंगवतो आहे. कुठला फलक ज्यूद्वेषी ठरतो, हे कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी वाक्याचा कर्ता तपासा. ‘ज्यूंनी गाझा उद्ध्वस्त केलं’ हे चूक आहे आणि घातकही. ‘इस्रायली सैन्याने’, ‘नेतान्याहू सरकारने’ असं लिहिलंत की आरोप जिथे जायला हवा तिथेच जातो.

मग चित्र. जगाला विळखा घालणारा ऑक्टोपस (ज्यू जगावर ताबा ठेवतात, या थापेचं हे चित्र) किंवा मुलांचं रक्त पिणारा नेता अजिबात नको. ११४४ मध्ये इंग्लंडमधल्याच नॉरविचला एक मुलगा मारला गेला आणि आळ ज्यूंवर आला. ‘ज्यू ख्रिस्ती मुलांचा बळी देतात’ ही थाप पुढे शतकानुशतकं युरोपात ज्यूंच्या जिवावर उठली. गाझात मुलं खरोखरच मारली गेली आहेत. त्यांची नावं आणि वयं लिहा. सहा कोनांचा तारा इस्रायलच्या झेंड्यावर आहे तसाच सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारावर आणि कबरींवरही आहे, म्हणून त्यात नाझी चिन्ह काढू नका. ‘नदीपासून समुद्रापर्यंत’ (जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत) या घोषणेत काहींना समान स्वातंत्र्य ऐकू येतं, तर काहींना ज्यूंची हकालपट्टी. ती द्यायचीच असेल तर ‘सर्वांना समान हक्क’ हे शब्द तिला जोडा.

गटात ज्यू विद्यार्थी आला तर ‘आधी इस्रायलचा निषेध कर’ अशी अट घालू नका. ती इतर कुणाला घालता का?

विद्यापीठाचे नियमही वाचा. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची ज्यूद्वेषाची २०१६ची व्याख्या ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी स्वीकारली आहे. तिच्या ११ उदाहरणांपैकी ७ इस्रायलशी संबंधित आहेत, त्यामुळे साध्या टीकेवरही तक्रार होऊ शकते. तिच्या मसुद्याचे मुख्य लेखक केनेथ स्टर्न यांचाच विद्यापीठांतल्या अशा वापराला विरोध आहे. ज्यूद्वेषाची पर्यायी व्याख्या देणारा २०२१चा जेरुसलेम जाहीरनामा आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो. त्यात १५ कलमं आहेत आणि इस्रायलवर बहिष्कार घालणं मुळात ज्यूद्वेष नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. मात्र तक्रार झाली तर तुमच्या विद्यापीठाने स्वीकारलेली व्याख्याच लागू होईल.

कायदा वेगळा. हमास ब्रिटनमध्ये बंदी घातलेली संघटना आहे. तिला पाठिंबा असल्याचा संशय येईल अशी वस्तू जाहीरपणे मिरवणं हा २०००च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मधल्या लंडनच्या मोर्च्यात पॅराग्लायडरचं चित्र लावणाऱ्या तीन महिला याच कलमाखाली दोषी ठरल्या, कारण ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात हमासचे काही हल्लेखोर पॅराग्लायडरवरूनच इस्रायलमध्ये शिरले होते. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत अशा शिक्षेची झळ व्हिसालाही बसू शकते.

प्रश्न : काही ज्यूच इस्रायलविरुद्ध आंदोलन करतात. ही आपल्या समाजाशी गद्दारी नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. हा वाद इस्रायलपेक्षाही जुना आहे. १८९७ मध्ये बासेलला पहिली झायोनिस्ट (ज्यूंसाठी वेगळं राष्ट्र मागणाऱ्यांची) काँग्रेस भरली आणि त्याच वर्षी विल्नात (आजच्या लिथुआनियातलं विल्नियस) ‘बुंद’ ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना स्थापन झाली. वेगळं राष्ट्र मागण्यापेक्षा राहतो तिथेच हक्क मिळवू, ही बुंदची भूमिका. १९१७ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा देणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळात कडाडून विरोध केला तो एडविन मॉन्टेग्यू यांनी. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड (माँटफर्ड) सुधारणांमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते भारतमंत्री, आणि ते ज्यू होते. ज्यूंसाठी वेगळा देश केला की इतर देश आपापल्या ज्यूंना परके ठरवतील, ही त्यांची भीती होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ज्युइश व्हॉइस फॉर पीस’ या अमेरिकी ज्यू संघटनेच्या लोकांनी ‘आमच्या नावाने नको’ असं लिहिलेले शर्ट घालून न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ठिय्या दिला. १९८९ पासून इस्रायलमध्येच ‘बेत्सेलेम’ ही मानवी हक्क संघटना पॅलेस्टिनींच्या हक्कभंगाच्या नोंदी ठेवते.

तरी हे ‘चांगले ज्यू’ आणि बाकीचे वाईट, अशी वाटणी करू नका. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेच्या २०२०च्या पाहणीत दर दहापैकी आठ अमेरिकी ज्यूंनी इस्रायलविषयीची आस्था ही आपल्या ज्यू असण्याचा आवश्यक किंवा महत्त्वाचा भाग मानली. ही आस्था असलेले अनेक जण तिथल्या सरकारवर कडक टीकाही करतात.

प्रश्न : आमच्या जवळच बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. तिथे निषेधाचं निवेदन द्यावं का?
– एक कार्यकर्ता, रायगड

उत्तर : देऊ नका. तिथे प्रार्थनेला येणारे लोक कोकणातलेच आहेत. इस्रायलच्या धोरणाचा जाब त्यांना विचारण्याचं काहीच कारण नाही. २००८ मध्ये मुंबईतल्या नरीमन हाऊसवर हल्ला झाला तो तिथे ज्यू राहत होते म्हणूनच. निवेदन मुंबईतल्या इस्रायलच्या वाणिज्य दूतावासाला द्या आणि त्याची प्रत आपल्या खासदारांना पाठवा.