डाइजच्या (कापड रंगवायच्या रंगांच्या) छोट्या युनिटमध्ये ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटच्या, शेवटी आरओ (मीठ अडवणारा पडदा) बसवला तर कचरा कमी होईल का?

नाही. कचऱ्याची फक्त वाटणी होईल. एका पाइपातून चांगलं पाणी, दुसऱ्यातून रिजेक्ट, म्हणजे उरलेलं खारट पाणी, आणि मीठ होतं तेवढंच.

२०११ साली मी तारापूर एमआयडीसीत एका रिॲक्टिव्ह डाइजच्या कंपनीत शिफ्ट केमिस्ट होतो. डाय खाली बसवायला आम्ही बॅचमध्ये मीठ मारायचो, शंभर लिटरला पंधरा-वीस किलो. मग फिल्टर प्रेस. डायचा ओला केक हाती यायचा आणि सगळं मीठ, न बसलेल्या डायसकट, एमएलमधून (गाळून उरलेल्या पाण्यातून) ईटीपीत जायचं. मी लेखी दिलं होतं की आधी मीठ मारणं थांबवा, रिॲक्टरच्या शेजारी नॅनोफिल्ट्रेशन लावा, म्हणजे आरओपेक्षा थोडा मोकळा पडदा. डायचा रेणू सहाशे ते हजार डाल्टन वजनाचा, तो पडद्यावर अडतो. मीठ ५८.५, ते पाण्याबरोबर निघून जातं. वरून डीएम (क्षार काढलेलं) पाणी देत राहायचं, मीठ धुतलं गेलं की घट्ट झालेला डाय सरळ स्प्रे ड्रायरला.

पण उत्पादनाला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. आरओ शेवटीच बसला.

एका रात्रपाळीत पाण्याचा रंग उतरेना म्हणून हायपो, म्हणजे रंग घालवणारं क्लोरीनचं द्रावण, जास्त सोडला गेला. पुढे उरलेला क्लोरीन संपवणाऱ्या बायसल्फाइटची टाकी रिकामी. आरओच्या पॉलिअमाइडच्या पडद्याला क्लोरीन म्हणजे विष. परमिएटची (पडद्यातून पार आलेल्या पाण्याची) कंडक्टिव्हिटी रोज चढू लागली, म्हणजे मीठ पार जात होतं. शेवटी एक मॉड्यूल (पडद्याची गुंडाळी) कापून शेडमध्ये जमिनीवर उलगडलं. चांगल्या पडद्याची मागची बाजू पांढरी असते. आमच्या पडद्यावर मधल्या प्लॅस्टिक जाळीच्या चौकटी उमटल्या होत्या आणि लाल रंग आरपार मागे उतरला होता.

ऑपरेटरला घरी बसवलं. चोवीस-पंचवीसचा मुलगा. मी तेव्हाही भांडलो, आजही तेच म्हणतो, चूक त्याची नव्हती. सगळ्या प्लांटचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे आज काय येईल हे कोण सांगणार? रिॲक्टरजवळ एकच बॅच असते, आणि तिच्यात काय आहे ते बॅच शीटवर लिहिलेलं असतं. पडद्याची जागा तिथे. जीएम साहेबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

तुम्ही कोणता डाय करता ते लिहिलेलं नाही. सोडियम सल्फेट असेल तर ते नॅनोलाही बऱ्यापैकी अडतं, मग धुणं जमत नाही. एमएल फार ॲसिडिक असेल तर साधा पडदा टिकत नाही. आणि नॅनोच्या परमिएटमध्ये रिॲक्शनचं मीठ येणारच, म्हणजे ईटीपी बंद होत नाही, त्याच्यावरचा भार हलका होतो. आरओचं कोटेशन घेऊन येणाऱ्याला आधी विचारा, रिजेक्ट कुठे सोडायचं? ते आटवणाऱ्या एमईईची (बाष्पीभवन यंत्राची) वाफ कोण भरणार? आणि त्याच्याकडून नॅनोचं छोटं पायलट (चाचणीचं) युनिट मागवून महिनाभर तुमच्याच बॅचवर चालवा, ईटीपीच्या कोपऱ्यात नको, रिॲक्टरच्या शेजारी.